तीन डेरे आणि सतरा पायल्या

खूप जुन्या काळची गोष्ट आहे, लेकींनो. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारं आता कुणी उरलं नाही.

गाव नदीकाठी होतं आणि तिथं हरभरा फार चांगला पिकायचा. बियाण्याची तिथली एक रीत होती. पावसाळ्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यानं बियाण्याचे डेरे भरायचे. भरताना तोंडातून आकडा काढायचा नाही, आणि आत किती माप भरलं ते पेरणीपर्यंत कुणाला सांगायचं नाही. एका बैठकीत जेवढे डेरे भरायचे ते सगळे सारखेच भरायचे. मग झाकणी ठेवून शेणमातीनं तोंड लिंपायचं आणि वर हळदीकुंकवाची बोटं ओढायची. ते तोंड पेरणीच्या दिवशीच उघडायचं. आधी उघडलं तर पावसाळी हवा आत शिरते आणि बियाण्याला कीड लागते. म्हाताऱ्या म्हणायच्या, आत लक्ष्मी निजली आहे, तिला मधेच उठवू नये. तुम्ही हवा म्हणा नाहीतर लक्ष्मी म्हणा, सांगणं एकच.

त्या गावात एका म्हाताऱ्याला दोन मुलगे होते आणि दोन सुना. धाकट्याचं लग्न झालं तसे म्हाताऱ्यानं शेताचे आणि बियाण्याचे वाटे करून दिले. एकाच बैठकीत भरलेले चार डेरे होते, त्यांतले थोरल्याला तीन दिले आणि पाच पायल्या सुटं बी दिलं. धाकट्याला एक डेरा दिला आणि सतरा पायल्या सुटं बी दिलं. सुटं बी राख चोळून कणगीत ठेवलेलं होतं, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजलं. डेऱ्यांतलं माप रीतीप्रमाणं सांगितलं नाही. "दोन्ही वाटे सारखे आहेत," एवढंच तो बोलला. देवाला हात जोडले, काठी उचलली आणि तीर्थयात्रेला निघून गेला.

मुलगे आपापल्या नांगराला लागले. त्यांच्या डोक्यात काही आलं नाही. आलं ते धाकट्या सुनेच्या.

त्याचं असं झालं. शेजारीण विस्तव मागायला आली होती. उंबऱ्यात उभी राहून तिनं कुंपणापलीकडं थोरलीच्या घरात पाहिलं, मग इकडं कोपऱ्यातल्या डेऱ्याकडं पाहिलं. म्हणाली, "तिकडं तिघं आहेत सोबतीला. तुझा बाई एकटाच पडलाय." विस्तव घेऊन ती निघून गेली, आणि ठिणगी इथंच राहिली.

धाकटी मनाची वाईट नव्हती हो. सोमवार धरायची, एकादशी धरायची, तुळशीला पाणी घातल्याशिवाय घोटभर पाणी प्यायची नाही. पण त्या दिवसापासून तिचं चित्त कशात म्हणून लागेना. जप करताना बोटं मण्यांवर असायची आणि मन म्हणायचं, तिला तीन, मला एक. तिला तीन, मला एक. भाकरी करपायची, दूध उतू जायचं. बसली की उठायची, उठली की डेऱ्यापाशी जायची. टिचकी मारायची, कान लावायची. डेरा बिचारा काय बोलणार? मग कुंपणाशी जाऊन उभी राहायची. उपासाच्या दिवशी पोटात अन्नाचा कण नसायचा, पण थोरलीचे तीन डेरे दिवसभर चघळणं चालायचं. असा उपास कुठल्या देवाला पोचावा?

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, बाबा सारखे म्हणाले म्हणजे सारखे. तिला वाटलं, हा जन्माचाच भोळा.

आता पलीकडची गंमत ऐका. थोरलीच्या मनातही तीच सल होती. तिचं गणित उलटं होतं. ती म्हणायची, डेरे काय, बंद आहेत, आत दाणे किती नि पोकळी किती कुणाला ठाऊक. पण धाकटीच्या कणगीतल्या सतरा पायल्या मी माझ्या डोळ्यांनी मोजताना पाहिल्या, आणि माझ्या पाच. धाकटी म्हणजे लाडकी, दुसरं काय.

म्हणजे पाहा, एकच वाटणी, आणि दोघींनाही वाटे की आपणच नागवलो गेलो. दोघी विहिरीवर भेटायच्या, पाणी काढायच्या, आणि एकमेकींशी बोलायच्या त्या दोराच्या गाठीबद्दल.

भाद्रपद उजाडला. पाऊस भुरभुरायचा आणि मधेच उकडायचं. भिंतींना ओल धरली, तसं धाकटीचं मनही आंबून गेलं. एके दिवशी सकाळी तिनं विळा घेतला आणि डेऱ्यापाशी जाऊन बसली. आज तोंड फोडते, म्हणाली. आत भरपूर निघालं, म्हणजे थोरलीचेही तिन्ही तसेच भरलेले, तर तेही फोडायला लावते, आणि वाटे पुन्हा करून घेते.

असं झालं असतं तर चारही डेरे भाद्रपदात उघडे पडले असते. दोन्ही घरांची पेरणी बुडाली असती.

सासू दोन्ही घरी आलटून पालटून राहायची. ती तेव्हा धाकटीकडं होती. तिनं आरडाओरडा केला नाही. हातातला विळा काढून घेतला, थोरलीला हाक मारली, आणि दोघींना ओटीवर बसवलं. जमीन पुसली आणि रांगोळीनं शेजारी शेजारी दोन चौकोन काढले. घरातून चार वाट्या आणि ओंजळभर चिंचोके आणले.

एका चौकोनात तिनं तीन वाट्या उपड्या ठेवल्या आणि बाजूला पाच चिंचोके. हा थोरलीचा वाटा. दुसऱ्यात एक वाटी उपडी ठेवली आणि सतरा चिंचोके. हा धाकटीचा. वाटी म्हणजे डेरा, चिंचोका म्हणजे पायली. वाटी उचलून खाली बघायचं नाही, असं तिनं बजावलं.

"तुमचे मामंजी जाताना काय म्हणाले?" तिनं विचारलं.

वाटे सारखे आहेत म्हणाले, असं दोघींनी सांगितलं. थोडं तोंड वाकडं करूनच सांगितलं.

"मग असं समजा, की या दोन चौकोनांवर तराजूची दांडी आहे आणि ती आडवी आहे. आता तुम्हाला काय काढायचं ते काढा. फक्त दांडी कलली नाही पाहिजे."

धाकटीनं पटकन हात घातला आणि थोरलीच्या चौकोनातली एक वाटी उचलून बाहेर ठेवली. थोरलीनं तितक्याच पटकन धाकटीच्या चौकोनातले मूठभर चिंचोके ओढले.

"हेच चाललंय दोघींचं," सासू म्हणाली. "ही तिच्यातलं काढते, ती हिच्यातलं काढते, आणि वर म्हणता वाटे सारखे नाहीत. जिला तिकडचं काढायचं असेल, तिनं आपल्याकडचंही तेवढंच काढायचं."

दोघी ओशाळल्या. काढलेलं परत ठेवलं. मग थोरली म्हणाली, दोन्हीकडचे पाच पाच चिंचोके काढूया. काढले. थोरलीकडं सुटा एकही चिंचोका उरला नाही, धाकटीकडं बारा उरले.

आता वाट्यांची पाळी. धाकटीनं थोरलीकडची एक वाटी काढली आणि तिचा हात थबकला. आपल्याकडचीही काढायला हवी होती.

"माझ्याकडं तर एकच आहे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

"काढ," सासू म्हणाली. "एक आहे तीच काढ."

तिनं ती बाजूला ठेवली. आता एका चौकोनात दोन वाट्या होत्या आणि दुसऱ्यात बारा चिंचोके. दांडी आडवीच होती, कारण दोन्हीकडून सारखंच निघालं होतं. दोघींनी दोन्हीकडं पुन्हा मोजलं. धाकटी हळूच म्हणाली, दोन वाट्या म्हणजे बारा. थोरली म्हणाली, मग एक म्हणजे सहा.

सासूनं काढलेलं सगळं परत मांडायला लावलं आणि पुन्हा मोजायला सांगितलं, कारण आलेलं उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय पदराला बांधू नये. तीन वाट्यांचे अठरा आणि वर पाच, तेवीस. एका वाटीचे सहा आणि वर सतरा, तेही तेवीस. कुणाला दाणाभर कमी नाही की जास्त नाही.

मग तिनं वाटणीचं कारणही सांगितलं. धाकट्याचं रान माळाचं. तिथली ओल लवकर सरते, म्हणून पेरणी आधी येते, म्हणून त्याला सुटं बी हाताशी हवं. थोरल्याचं रान नदीकडचं. तिथला चिखल उशिरा सुकतो, म्हणून त्याला लिंपलेलं, टिकणारं बी जास्त. म्हाताऱ्यानं लाड कुणाचेच केले नव्हते. जमिनीचा स्वभाव पाहिला होता.

थोरली घरी गेली आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

धाकटीही काही दिवस शांत होती. जपात मन लागलं, भाकऱ्या फुगल्या. मग ती शेजारीण पुन्हा आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चिंचोके मांडले म्हणून त्यांचा हरभरा होतो होय?"

झालं. पुन्हा उठबस सुरू झाली. धाकटी मनात म्हणू लागली, हिशेब बरोबर आहे, पण तो उभा आहे मामंजींच्या शब्दावर. वाटे सारखेच नसतील तर? सहाच्या जागी सात असतील, तर थोरलीकडं जास्तच की! सासूबाईंना एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं, पण विचारायची लाज वाटली. पाहायची मात्र वाटली नाही.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं डेऱ्याचं तोंड फोडलं. माप घेतलं आणि मोजू लागली. पायलीमागून पायली उपसली, आणि सहावी भरली तेव्हा डेऱ्याचा तळ दिसला. बरोबर सहा. तिला एवढं हलकं वाटलं, की ती तिथंच बसून हसली. आणि मग बाहेर पावसाची भुरभुर ऐकू आली तशी ती ताडकन उठली. घाईघाईनं बी परत भरलं, ओल्या हातांनी ओली माती थापली, आणि कुणाला कळू नये म्हणून वर हळदीकुंकवाची बोटंही ओढली. देवाला फसवायला गेली का नवऱ्याला, तिचं तिलाच ठाऊक.

पाऊस सरला. माळाचं रान आधी तयार झालं. कणगीतल्या सतरा पायल्या पेरून झाल्या, आणि उरलेल्या तुकड्यासाठी धाकट्यानं डेरा आणून उघडला. आतून पीठ उडालं. किडे भराभरा काठावर चढले. त्यानं मूठभर दाणे हातात घेतले, तर एकूण एक दाण्याला भोक. तो डेऱ्याकडं बघत उभा राहिला. घरातून बी खराब निघालं असं आजवर कधी झालं नव्हतं.

तो काही विचारायच्या आत धाकटीनं सगळं सांगून टाकलं. काही राखलं नाही. त्यानं शब्दानं दुखवलं नाही, पण बैल सोडले, आणि ते रिकामं रान तिला बघवेना.

ती तशीच थोरलीच्या दारात गेली. तोवर नदीकडचा चिखलही सुकला होता, आणि थोरलीनं त्याच सकाळी पेरणीसाठी आपले तिन्ही डेरे उघडले होते. प्रत्येकात सहा, दाणे कसे सोन्यासारखे. धाकटीनं तिलाही सांगितलं. मागितलं काहीच नाही, नुसती उभी राहिली.

"म्हणजे सहाच निघाल्या ना?" थोरलीनं विचारलं.

"सहाच."

"ते तर वाटीनंही सांगितलं होतं गं."

एवढाच काय तो टोमणा. मग थोरलीनं माप उचललं आणि धाकटीच्या पदरात ओतू लागली. एक पायली ओतली, दुसरी ओतली, तिसरी ओतली, आणि माप खाली ठेवलं. धाकटीनं वर पाहिलं. वाया गेल्या सहा आणि मिळाल्या तीन, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"सहा दिल्या तर तुझ्या होतील तेवीस आणि माझ्या सतरा," थोरली म्हणाली. "मग उद्या मी येऊ का तुझ्या दारात रडायला?"

धाकटीनं मनात मोजलं. तिच्या सतरा आणि या तीन, वीस. थोरलीच्या तेवीसमधून तीन गेल्या, वीस. या वेळी कुणी चिंचोके मांडले नव्हते, आणि दांडी कुठंच कलली नव्हती. रडू आवरून ती हसली, आणि थोरलीला वाकून नमस्कार केला.

त्या साली दोघींच्याही रानात बांधाकडेला सारखाच एक एक पट्टा पडीक राहिला. बाकीचं रान घाटे धरून डोलत होतं. येणारेजाणारे विचारायचे, इथं का नाही पेरलं? धाकटी स्वतःच सांगायची, तेवढं माझ्या उतावळेपणानं खाल्लं. शेजारीण पुढंही विस्तव मागायला येत राहिली. धाकटी तिला विस्तव द्यायची, बसायला पाट द्यायची, आणि आपलं पीठ मळत राहायची.

देव तिच्यासारखी उमज तुम्हाआम्हालाही देवो, आणि शक्य तर डेरा फुटायच्या आधी देवो.

बोध एवढाच: दुसऱ्याच्या वाट्यातून जे वजा कराल ते आपल्याही वाट्यातून वजा करा, मग झाकलेलं न फोडताच कळतं, आणि कळल्यावर त्यावर विश्वासही ठेवावा.