जेठीबाईंची शपथ

"…पण मग तिला आपली म्हणायचं तरी कशाच्या जोरावर, बुवा?"

अच्युत तणतणतच मठात शिरला. सोमगिरी बुवा ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

अच्युत त्यांचा जुना शिष्य. सिंधमधून आलेली काही कुटुंबं गावात वर्षानुवर्षं नागरिकत्वाची वाट पाहत होती. त्यांना मराठी शिकवायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. आज त्यांचा शपथविधी झाला. सगळ्यांनी मराठीत शपथ घेतली. म्हाताऱ्या जेठीबाईंनी तेवढी ऐनवेळी सिंधीत घेतली.

"अधिकारी काय म्हणाले?"

"त्यांचं काय… चालतं म्हणाले. प्रमाणपत्रही देऊन टाकलं."

"मग अडलंय कुणाचं?"

अच्युतने कपाळाला हात लावला. "अख्खा उन्हाळा घसा कोरडा केला मी, बुवा. एकेक शब्द घोटून घेतला. आणि हिने चारचौघांत माझी शोभा केली. संध्याकाळच्या सत्काराला मी तिला व्यासपीठावर बसवणार नाही. इथं राहायचं तर इथलं व्हायला नको?"

"अख्खा उन्हाळा समोरासमोर बसलात. तिच्या भाषेतलं तू काय शिकलास?"

"मी कशाला शिकू? शिकायचं तिने."

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली…

तेवढ्यात जेठीबाई दारात आल्या. मास्तर रागावून निघाले म्हणून त्या भर उन्हात अच्युतच्या मागे चालत आल्या होत्या. चौकट धरून त्यांनी दम घेतला.

"मास्तर, पाठ होतं सगळं. पण शपथ होती ना… खरी घ्यायची होती."

"म्हणजे मी शिकवलेली खोटी?"

जेठीबाईंनी पदराने कपाळावरचा घाम टिपला.

बुवांनी शेजारचा तांब्या कलता केला. थोडी धार जमिनीवर सांडली.

"अम्मा, याला काय म्हणता?"

"पाणी."

"हं, आता बरी मराठी सुचली," अच्युत वैतागून म्हणाला. "सकाळी काय झालं होतं?"

"नाही मास्तर. ही सिंधीच."

अच्युतची नजर सांडलेल्या पाण्यावर गेली. त्याने बुवांकडे पाहिलं.

बुवांनी पुन्हा शेंगा पुढ्यात ओढल्या.

"माझ्याकडे काय बघतोस? उन्हातून आल्यात त्या. पाणी दे."