कनकनगरात वाट विचारायची नाही!

"शहरात कुणालाही वाट विचारायची नाही!" खडकपूरचे राजे भैरवसेन यांनी सिंहासनावर मूठ आपटली. "आणि मी तिथे पहिल्यांदाच आलोय, हे कुणाला कळताही कामा नये!"

झालं! दरबाराच्या तोंडचं पाणी पळालं. सम्राटांनी महाराजांना कनकनगरला भेटीसाठी बोलावलं होतं, आणि कनकनगर म्हणजे बावन्न पेठांचं अफाट शहर! खडकपुरात रस्ता एकच. तोही राजवाड्यापाशी येऊन संपायचा. तिथे हरवायचं म्हटलं तरी सोय नव्हती.

दिवाण त्र्यंबकपंतांनी तयारीसाठी एक मंडळ नेमलं. मंडळात कुणीच कनकनगर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मतं भरपूर होती. शहराला वेशी सात की नऊ, यावर खजिनदार आणि सेनापती हमरीतुमरीवर आले. एकाने मोठा नकाशा काढून आणला. नीट पाहिल्यावर कळलं, ती त्याची सासुरवाडी होती! एकवीस बैठका अशाच गेल्या. बाविसाव्या बैठकीत मात्र चटकन एकमत झालं. वाट शोधायची जबाबदारी पालखी वाहणाऱ्या भोयांची! वाटेत एकदा जरी विचारावं लागलं, तर भोयांनी बायकामुलांसह खडकपूर सोडायचं.

भोयांचा नाईक मालजी घरी आला तो खाली मान घालूनच. त्याची मुलगी भिवरा पालखीच्या दांड्याखाली त्याच्या खांद्यावर ठेवायची गादी शिवत बसली होती.

"राहू दे ती गादी," मालजी म्हणाला. "आता कुठली पालखी आणि कुठलं गाव!"

सगळं ऐकून भिवराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तिला राग आला. तीस वर्षं बाबांनी महाराजांना पोटातलं पाणी हलू न देता वाहिलं. आणि शिक्षा त्यांनाच?

"मी जाते महाराजांकडे. पाया पडते, पण हा हुकूम मागे घ्यायला लावते."

ती तडक राजवाड्यावर गेली. दारावरच्या पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "ए, थांब! इथे नवीन दिसतेस."

"नवीन?" भिवरा उसळली. "माझे आजे या राजवाड्याची पालखी वाहायचे! दरबार कुठे, देवघर कुठे, सगळं ठाऊक आहे मला! ऐक, सांगते तुला. आधी डावीकडे..."

बोलता बोलता ती थबकली. मग स्वतःशीच हसली. पाया पडण्याचा बेत तिने तिथेच सोडून दिला.

पहारेकऱ्याने आत सोडताच भरदरबारात उभी राहून ती म्हणाली, "महाराज, वाट न विचारता कुठेही पोचायचा उपाय माझ्यापाशी आहे. पण बोलले तर शिक्षा करणार नाही, असं वचन द्या."

"दिलं! बोल."

भिवराने महाराजांना नीट न्याहाळलं. "महाराज, आपण या राजवाड्यात नवीन दिसता."

सेनापतींचा हात तलवारीकडे गेला.

"मुदपाकखाना कुठे आहे, हे काही आपल्याला ठाऊक नसणार!"

"मला?" महाराज ताडकन उठले. मिशा थरथरू लागल्या. "मी इथे जन्मलो! इथे रांगलो! आणि मला मुदपाकखाना ठाऊक नाही? चल! चल माझ्याबरोबर!"

महाराज पुढे, भिवरा मागे, तिच्यामागे पागोटी सावरत अख्खा दरबार! दोन चौक, एक जिना, पुन्हा एक चौक. आत शिरताच आचाऱ्याच्या हातातला झारा गळून पडला.

"हा बघ मुदपाकखाना!" महाराज धापा टाकत म्हणाले. "ही चूल! हे तांदूळ! पटलं?"

"पटलं महाराज," भिवरा हात जोडून म्हणाली. "पण मी आपल्याला वाट विचारली का हो?"

महाराजांनी वळून आलेल्या वाटेकडे पाहिलं.

"कनकनगरात असंच करायचं," भिवरा म्हणाली. "मोठ्या शहरातल्या माणसाला वाट विचारली, तर त्याला वेळ नसतो. पण 'तुम्ही इथे नवीन दिसता, सम्राटांचा वाडा तुम्हाला कुठून ठाऊक असणार!' एवढं म्हणा. हातातलं काम टाकून तो दारापर्यंत सोडायला येईल. आणि नवखा कोण ठरला? तो! आपण नव्हे!"

दिवाणजींना हे सहन होईना. "आणि तो माणूस खरोखरच शहरात नवीन निघाला तर?"

"तर काय, दिवाणजी? तोंड लपवून पळ काढेल. आपण नवीन आहोत हे लपवायची घाई नव्या माणसालाच असते!"

सगळे चोरून महाराजांकडे पाहू लागले. महाराज लाल झाले. मग त्यांचे गाल थरथरले, पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले की फळीवरची पातेली वाजली!

"मला नेमकं ओळखलंस, पोरी! दिवाणजी, तो हुकूम फाडा. भोयांना नदीकाठची पंचवीस बिघे जमीन द्या. आणि कनकनगरात पालखीच्या पुढे घोड्यावर ही भिवरा बसेल!"

मालजीची मुलगी घोड्यावर! दिवाणजींनी डोळे मिटून घेतले.

महाराजांना मात्र आता राहवेना. उपाय स्वतः करून पाहायचा होता. ते आचाऱ्याकडे वळले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तू इथे नवीन दिसतोस. बेसनाचे लाडू कुठल्या डब्यात आहेत, हे तुला काय ठाऊक असणार!"

"मला?" आचारी खवळला. "बावीस वर्षं झाली या चुलीपुढे!" आणि तरातरा जाऊन त्याने वरच्या फळीवरचा भलामोठा डबा महाराजांपुढे आणून आपटला.

महाराजांनी एक लाडू तोंडात टाकला आणि अख्खा डबा भिवराच्या हाती दिला.