तुरोबाला हवं ओव्याचं पान

एक होतं कोंबडीचं पिल्लू. एवढुस्सं! नाव मात्र तुरोबा. तुरा कुठाय? अजून उगवायचाय!

सकाळपासून तुरोबा ओरडत होता, "मी कोंबडा! मी कोंबडा!" दुपारी घसा बसला. इकडे बघतो, तिकडे बघतो, आई कुठेच दिसेना. हाक मारायला चोच उघडली. आवाज आला, "खर्रर्र!"

झाली ना फजिती!

अंगण होतं कुंदाकाकूचं. काकूची लेक निमू. निमूचा घसा बसला की काकू तिला ओव्याचं पान चघळायला द्यायची. तुरोबानं ते पाहिलं होतं. निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

कुंडीत होता ओवा. जाड जाड पानांचा. तुरोबा त्याच्या कानाशी कुजबुजला,

"ओवादादा, पान दे ना!
आवाज काही फुटेना,
आई काही भेटेना!"

ओवा म्हणाला, "कसं देऊ? जो येतो तो तांब्याभर पाणी ओततो! मुळं कुजायला आली माझी. आधी ऊन आण, मग पान."

तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन बसलं होतं भिंतीवर.

"उन्हा, उन्हा, खाली ये ना!
ओवा पान देईना,
आवाज काही फुटेना,
आई काही भेटेना!"

ऊन म्हणालं, "येईन की! पण मध्ये गोधडी आहे. तिला सरकव, मग येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. गोधडी दोरीवर लोळत होती.

"गोधडीताई, सरक ना!
ऊन खाली उतरेना,
ओवा पान देईना,
आवाज काही फुटेना,
आई काही भेटेना!"

गोधडी म्हणाली, "मला का पाय आहेत? काकूला उठव, मग सरकेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. काकू बसली होती ओट्यावर.

"काकू, काकू, ऊठ ना!
गोधडी काही सरकेना,
ऊन खाली उतरेना,
ओवा पान देईना,
आवाज काही फुटेना,
आई काही भेटेना!"

काकू म्हणाली, "उठले असते रे बाबा! पण निमूबाई रुसल्यात. पदर धरून बसल्यात. तिला सांग, सोड म्हणावं."

"निमूताई, सोड ना!
काकू जागची हलेना,
गोधडी काही सरकेना,
ऊन खाली उतरेना,
ओवा पान देईना,
आवाज काही फुटेना,
आई काही भेटेना!"

निमू म्हणाली, "नाई शोडनाल! आधी हशव मला!"

आता आली का पंचाईत! तुरोबा एका पायावर नाचला. निमू हसेना. कोलांटी मारली. निमू हसेना. मग तुरोबाला रडूच आलं. मोठ्ठ्यानं रडायला गेला, तर निघालं काय?

"खर्रर्र... खुर्रर्र... फुस्स!"

निमू खुदकन हसली! टाळ्या वाजवायला लागली. मग पदर कोण धरणार?

निमूनं पदर सोडला. काकू उठली. गोधडी सरकली, फट्! ऊन उतरलं, टप्! ओव्याची माती सुकली. ओव्यानं पान दिलं, टचकन!

काकू म्हणाली, "अगंबाई, केवढं पाणी ओतलं होतं याला! आता चार दिवस कुणी तांब्या उचलायचा नाही." तिनं ओव्याची एक फांदी मोडली आणि दुसऱ्या कुंडीत खोचली. झालं! तिथेही ओवा येणार.

तुरोबानं पान खाल्लं. कचर कचर. हाऽऽ! तिखट! डोळ्यांत पाणी, नाकात झणझण. घसा मोकळा!

आता तुरोबा काय ओरडला असेल?

"आईऽऽऽ!"

फडफड फडफड! कुंपणापलीकडून आई धावत आली.

"अरे सोन्या, कुठे होतास? किती शोधलं तुला!"

आईनं पंख उघडला. तुरोबा सुळकन आत. शेपटी तेवढी राहिली बाहेर.