फांदीवरची मधली जागा

करंजाच्या एका दाट रानात, ओढ्याच्या काठाला, सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. मुलांनो, नावावर जाऊ नका. मोजायला बसलात तर ते कधी आठ भरत, कधी नऊ, आणि त्यांत निम्म्या तर बहिणीच होत्या. दिवसभर ते जमिनीवर टुणटुण उड्या मारत, पाचोळा उलटापालटा करत, त्याखालचे किडे टिपत आणि अखंड कलकलाट करत. पण कितीही भूक लागलेली असो, एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. बाकीचे खाली चरत असताना एकाने उपाशीपोटी वर फांदीवर राखणीला बसायचे. झडप घालणारा शिक्रा दिसला की त्याने ओरडायचे, आणि ओरडणे कानी पडताच सगळ्यांनी काटेरी झुडपात शिरायचे. संध्याकाळी सगळे एकाच फांदीवर अंगाला अंग चिकटवून ओळीने झोपत. मधली जागा सगळ्यांत उबदार. ती म्होरक्याची.

थव्याची म्होरकी एक म्हातारी होती. राखणीवरचा कधी उगाच ओरडे, शिक्रा म्हणून पारव्याची सावली निघे. मग म्हातारी झुडपातून बाहेर येऊन त्याला "बरं केलंस" एवढेच म्हणे आणि पुन्हा चरायला लागे. पुढे तिच्या डोळ्यांना कमी दिसू लागले, तेव्हा तिने आपल्या थोरल्या मुलाला म्होरक्या केले. त्याला सगळे दादा म्हणत. दादा कामचुकार मुळीच नव्हता. सर्वांच्या आधी उठे. थव्यात त्या वर्षी एकच पिल्लू होते, नुकतेच घरट्याबाहेर पडलेले, आणि त्याला भरवल्याशिवाय दादा स्वतः एक किडा गिळत नसे. पण त्याला एक गोष्ट फार खुपे. कुणी उगाच ओरडले की सगळे झुडपात पळत, आणि परत येईपर्यंत हाती आलेले किडे मातीत गडप झालेले असत, पिल्लू उपाशी राही. मग त्याने नवा नियम केला. खात्री झाल्याशिवाय ओरडायचे नाही, आणि जो उगाच ओरडेल त्याने रात्री फांदीच्या टोकाला झोपायचे.

त्या थव्यात एक बहीण होती, तिच्या शेपटीचे एक पीस वाकडे होते म्हणून तिला सगळे वाकडशेपटी म्हणत. तिची नजर सगळ्यांत तीक्ष्ण. तरीही एकदा ती सागाच्या गळणाऱ्या पानाला शिक्रा समजून ओरडली. दादा झुडपातून बाहेर आला आणि सर्वांदेखत म्हणाला, "पान कुठलं आणि शिक्रा कुठला, एवढंही तुला कळत नाही?" त्या रात्री ती टोकाला बसली. थंडीचे दिवस होते, ओढ्यावरून गार वारा येत होता. पण मला विचाराल तर तिला वाऱ्यापेक्षा ते शब्दच जास्त झोंबले. त्यानंतर कुणीच ओरडेनासे झाले. सगळे पोटभर खाऊ लागले, पिल्लू गुबगुबीत झाले. दादाने आईला मोठ्या खुशीत सांगितले, बघ, किती शांतता आहे. म्हातारी म्हणाली, "शांतता आहे खरी. पण ती कसली, ते एकदा बघून घे." दादाला तेवढी सवड नव्हती.

मग एका सकाळी वाकडशेपटीची राखणीची पाळी आली. ओढ्यापलीकडच्या सावरीच्या झाडात तिला काहीतरी राखाडी दिसले. ओरडायला तिने चोच उघडली आणि मिटून घेतली. तो नुसता खोडाचा फुगवटा असला तर? पुन्हा सर्वांदेखत बोलणी, पुन्हा ते टोक. जरा नीट बघू, असे तिने स्वतःला समजावले. ती नीट बघत राहिली आणि तेवढ्यात तो फुगवटा उडाला. आता मात्र ती जिवाच्या आकांताने ओरडली, पण शिक्रा थेट उघड्यावर बसलेल्या पिल्लावरच आला होता. दादाने झेप घेऊन पिल्लाला अंगाखाली घेतले. नख्या दादाच्या पाठीत रुतल्या. सगळा थवा कलकलाट करत शिक्र्यावर तुटून पडला, तेव्हा कुठे तो दादाची मूठभर पिसे घेऊन निघून गेला. पिल्लू थरथरत होते, पण त्याला ओरखडाही आला नव्हता.

रक्त थांबल्यावर दादाने वाकडशेपटीला विचारले, "तुला दिसला नाही?"

"आधीच दिसला होता," ती मान खाली घालून म्हणाली. "पण खात्री नव्हती. आणि मला शिक्र्याची वाटली नाही इतकी तुमची भीती वाटली, दादा."

दादाला फार वाईट वाटले. ज्या पिल्लासाठी त्याने एवढा नियम केला होता, तेच त्या नियमापायी जाणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठणकत्या पाठीने स्वतः राखणीला बसला. म्होरक्या झाल्यापासून तो त्या फांदीवर चढलाच नव्हता. वरून पाहतो तर प्रत्येक हलणारे पान शिक्रा वाटावे, आणि खाली तर आपलाच थवा निर्धास्त चरत असलेला. थोड्या वेळाने एक सावली सरकली आणि तो घाबरून ओरडला. सगळे झुडपात गडप झाले. तो पारवा होता. दादा शरमेने अंग चोरून बसला, आता आपल्याला कोण काय बोलते याची वाट बघत. झुडपातून सर्वांत आधी वाकडशेपटी बाहेर आली. तिच्या चोचीत एक लठ्ठ अळी होती. ती वर गेली, अळी त्याच्या चोचीत ठेवली आणि म्हणाली, "बरं केलंत, दादा."

संध्याकाळी दादाने सर्वांसमोर आपला नियम मोडला आणि दुसरा केला. दिवसभर जो राखणीला बसेल, त्याची रात्री मधली जागा. म्होरक्याने टोकाला झोपायचे. एवढे बोलून तो टोकाकडे निघाला, तर वाकडशेपटीने त्याची वाट अडवली.

"आज राखणीला कोण होतं?" तिने विचारले.

सगळा थवा एकदम हसला. दादाला धरून मध्ये बसवले. वाकडशेपटी एका बाजूला चिकटली, दुसऱ्या बाजूला पिल्लू शिरले. म्हातारीने अंधूक डोळ्यांनी चाचपत त्याच्या पाठीतले एक तुटके पीस हळूच चोचीने काढले. टोकाला त्या रात्री कोण बसले ते कुणाच्या लक्षातही राहिले नाही.

तात्पर्य : ज्या म्होरक्यापुढे चुकायची भीती वाटते, त्याला संकटाची खबर सर्वांत शेवटी कळते; ज्याच्यापुढे चुकले तरी चालते, त्याच्यासाठी सगळेच डोळे उघडे ठेवतात.