पहिली गाठ

विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणींची वस्ती होती, तेव्हाची ही गोष्ट. समोरच्या लिंबावरून साळुंकी म्हणाली, "सुगरणींची वीण देखणी खरी, पण नवख्याला काही ती जमायची नाही."

झालं! अख्खी बाभूळ खवळली. "स्वतःला धड काडी लावता येत नाही, आणि आम्हाला नावं ठेवते!" सगळ्यांत मोठा आवाज पिवळी नावाच्या सुगरणीचा.

"अगं, शिकायलाच आले होते," साळुंकी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बघून शीक. पण पहिली गाठ विणीखाली झाकलेली. काय बघू?"

पिवळीने आपल्या नव्याकोऱ्या घरट्याकडे पाहिलं. मग एकेक पातं उसवत ती पहिल्या गाठीपर्यंत आली.

"ये, ही बघ."

त्या वर्षी लिंबावर एक वाकडंतिकडं घरटं झुललं. वारा सुटला की सगळी बाभूळ आधी तिकडे बघायची.