साळिंदराच्या खुंट्या

त्या राज्यात घरे फुकट मिळत. सुतारपक्षी ती नदीकाठी बांधत आणि दारे उघडी टाकून निघून जात. ज्याला जे रुचेल त्यात त्याने राहावे, आतले काहीही हवे तसे बदलावे, असा तिथला कायदा होता. कोणत्याही घरात गेले तरी फळ्यांच्या जमिनीखाली तीच एक नदी वाहताना ऐकू येई.

ती नदी दर काही वर्षांनी काठ सोडून वर चढे. पलीकडच्या टेकडीवर जायला पाण्याखाली चौदा दगडांची वाट होती, आणि तिचा क्रम फक्त म्हाताऱ्या पाणमांजरीला ठाऊक होता. तिला आता पाण्यात उतरवत नव्हते. एकदा तिने तो तोंडी सांगून पाहिला. सात जणांनी सात वाटा लक्षात ठेवल्या आणि दोन ससे बुडाले. म्हणून साळिंदराने तो लिहून घ्यावा असे ठरले. लेखण्या त्याच्याच पाठीवर होत्या. उपटलेला काटा तिथे पुन्हा उगवत नसे, पण पाठ गच्च भरलेली होती आणि कामाला दहा-बारा काटे पुरले असते.

साळिंदर आळशी नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. जागा नीट असल्याशिवाय नीट लिहिता येत नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. घर आपलेसे करायचे तर आपल्या अंगचे काही त्यात लावायचे, अशी तिथली रीत होती. पक्षी पिसे लावत, मेंढ्या लोकर. साळिंदराने भिंतीत काटे ठोकले आणि त्यांवर शाई, पाने, कंदील टांगला. पाणमांजर उंबऱ्याशी येऊन बसली. त्याने तिला दोन दिवस थांबायला सांगितले.

एका सकाळी सुतारपक्ष्यांनी ते घर सुधारले. खिडकी दुसऱ्या भिंतीत गेली, फडताळ नाहीसे झाले. विचारल्यावर ते म्हणाले की फडताळ आता कुणालाच लागत नाही. साळिंदर संतापून दुसऱ्या घरात गेला. तिथे प्रत्येक वस्तूला कडी होती आणि प्रत्येक कडीला आणखी तीन कड्या. त्या हव्या तशा लावण्यात दोन हिवाळे गेले. तिसरे घर इतके मोकळे होते की सगळेच नव्याने टांगावे लागले. चौथ्यातल्या भिंती आपोआप सरकून जागेचे सारखे तुकडे करीत, त्यावर तो बेहद्द खूश झाला. नव्याचे नऊ दिवस सरले तेव्हा त्याला स्वतःला बसायला तुकडा उरला नव्हता. जुने काटे सोबत नेता येत नसत; ओढले की तुटत.

नदी बोटाबोटाने वर येत होती. लोक विचारत, आणि तो झालेच म्हणून सांगे.

"मावशी, एवढी एक खुंटी ठोकतो, मग बसूच," तो पाणमांजरीला म्हणाला.

"ठोक बाबा. पण माझा सातवा दगड आज सापडत नाहीये."

ती घाबरून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. साळिंदराला रात्रंदिवस तीच काळजी लागली, आणि तो घाईघाईने आणखी चांगले घर शोधायला निघाला.

पाचव्या घरात सगळे जमून आले. उजेड डाव्या खांद्यावरून येत होता, पाने हाताशी होती, शाई घट्ट नव्हती की पातळ नव्हती. जमिनीच्या फटींतून पाणी वर डोकावू लागले होते. बाहेर ससे पोरांना पाठीशी बांधत होते.

पाणमांजर आली. तिचे डोळे कित्येक महिन्यांनी स्वच्छ दिसत होते.

"आज चौदाही आठवताहेत," ती म्हणाली. "लिही."

साळिंदर मांडी घालून बसला आणि त्याने हात पाठीकडे नेला. मग दुसरा हात नेला. पाठ मऊ लागली. समोरच्या भिंतीवर खुंट्या सुरेख ओळीत होत्या, टोके आत खोल रुतलेली, आणि त्यांवर कोरी पाने टांगलेली होती.

"पहिला दगड," पाणमांजर सावकाश सांगू लागली, "उंबराच्या मुळाशी आहे."