सन्मतीची गिटार

“...म्हणजे खोट गिटारीतच आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

मगदूम सरांचा आवाज एवढा चढला होता, की गल्लीतला समोरचा दुकानदार मान वर करून बघायला लागला.

मौलाचाचा वाद्यं दुरुस्त करणारे. सत्तरी ओलांडलेला माणूस. मिरजेत जन्म गेला तंबोऱ्यांना आणि सतारींना तारांखालच्या घोड्या बसवण्यात, आणि गेल्या तीस वर्षांत गिटारीही त्यांच्याकडे यायला लागल्या होत्या. त्यांनी समोरची गिटार उचलली, तिची मान डोळ्यासमोर धरली आणि एक डोळा मिटून बघत बसले.

“तुम्ही फक्त एवढं सांगा, हिच्यात काही दोष नाही. त्या मुलीच्या बापाला मला तोंडावर सांगायचंय.”

“बसा की सर. उभं का?”

सर बसले नाहीत.

प्रकरण असं होतं. जिनदत्त मगदूम सरांचा सांगलीत गिटारचा क्लास, सव्वीस वर्षांचा. शिस्तीला कडक माणूस. आधी बोटं सोलून निघू देत, मग सूर निघेल, हे त्यांचं म्हणणं, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान. यंदा एक नऊ वर्षांची मुलगी शिकायला आली. तिच्याकडे गिटार नव्हती म्हणून सरांनी माळ्यावरची एक पुसून, तारा बदलून तिला दिली. पंधराव्या दिवशी तिचे वडील ती परत घेऊन आले.

“सर, पोरगी रडते हो. एकदा गिटार तपासून घ्याल का?”

झालं! सरांच्या अंगाचा तिळपापड. सव्वीस वर्षांत कुणाची टाप नव्हती त्यांना असं काही सांगायची.

पण खरं सांगू का? एवढ्याशा बोलण्यावरून कुणी भर उन्हात सांगलीहून मिरजेला धावत येत नाही. सरांना चार दिवस घास गोड लागत नव्हता, त्याचं कारण वेगळं होतं. ती गिटार सन्मतीची होती.

सन्मती म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा. नवव्या वर्षी बापापुढे शिकायला बसला. रोज एक तास, तीन वर्षं. त्याच्या हातून एक धड सूर काही निघाला नाही. शेवटी बाराव्या वर्षी, सगळ्या क्लाससमोर, बाप त्याला म्हणाला, “तुझे हात लाकडाचे आहेत रे.” पोरानं गिटार भिंतीला टेकवून ठेवली. पुन्हा तिला शिवला नाही.

आज तो एकतीस वर्षांचा आहे. इचलकरंजीत सूतगिरणीत नोकरी करतो. दिवाळीला घरी येतो. कुणी रेडिओ लावला तर उठून बाहेर अंगणात जाऊन उभा राहतो. बापाशी फोनवर बोलणं एवढंच, “बरं आहे. ठेवतो.”

आता दोष जर गिटारीत असेल, तर... पुढचा विचार सरांना करवत नव्हता. म्हणून तर आले होते ते. कुणीतरी जाणत्या माणसानं ‘नाही’ म्हणावं, एवढ्यासाठी. गिटार मुलाची, हेही त्यांनी दुकानात शिरतानाच चाचांना सांगून टाकलं होतं.

“वाजवून दाखवा,” चाचा म्हणाले.

सर स्टुलाच्या कडेवर टेकले आणि त्यांनी गिटार मांडीवर घेतली. मानेवरच्या पहिल्याच पडद्यावर, म्हणजे धातूच्या पट्टीपाशी, आडवं बोट टाकून सहाच्या सहा तारा दाबल्या आणि हात फिरवला. दुकान भरून गेलं.

“बघा! आहे काही? गिटार सोळा आणे आहे, चाचा. हल्लीच्या पोरांतच दम नाही.”

“छान वाजवता.”

“सव्वीस वर्षं घासलीत बोटं.”

“हां...”

चाचांनी त्यांच्या हातातून गिटार घेतली, उलटी फिरवली, आणि मान उजवीकडे येईल अशी परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

“आता ह्या हातानं दाबा.”

“उजव्या हातानं?”

“एकच तार. पहिल्या पडद्यावर.”

सर हसले. म्हातारा आता थट्टा करतोय, असंच त्यांना वाटलं. त्यांनी उजव्या हाताचं बोट टेकवलं आणि डाव्यानं तार छेडली.

थप्.

आणखी जोर लावला. थप्. बोट पांढरंफटक पडलं. तार पडद्याला टेकता टेकत नव्हती.

“उलट्या हातानं कसं येईल चाचा? सवय नाही ह्या हाताला.”

“रोज किती वेळ बसवत होता पोराला?”

“...एक तास.”

“मग दाबा की अजून थोडं.”

सर चिडले आणि चिडूनच दाबत राहिले. थप्. थप्. मऊ कातडीत तार रुतत गेली. एक मिनिट झालं, दोन झाली. पाचव्या मिनिटाला त्यांनी हात काढून घेतला. बोटाच्या टोकावर लाल खोल रेघ उमटली होती.

“ही काय गिटारीची परीक्षा झाली का? डावखुरा नाही मी. कुठल्याही गिटारीवर असंच होईल.”

चाचा उठले. त्या सकाळीच चाचांच्या हातून दुरुस्त होऊन, लावून झालेली एक गिटार भिंतीवर टांगलेली होती, ती त्यांनी काढली आणि तशीच उलटी करून सरांच्या मांडीवर ठेवली.

“तोच हात. तेच बोट.”

सरांनी दुखरं बोट कसंबसं टेकवलं. डाव्या हातानं तार छेडली.

सूर निघाला. स्वच्छ, गोल. दुकानात बराच वेळ राहिला.

सरांनी पुन्हा छेडून पाहिलं. पुन्हा तोच सूर. तिसऱ्यांदा छेडायचं धाडस त्यांना झालं नाही.

...

आता मात्र ती गिटार बाजूला ठेवून सर स्टुलावरून उतरले आणि खाली चटईवर बसले.

चाचांनी सन्मतीची गिटार जवळ ओढली. तिसऱ्या पडद्यावर तार दाबली आणि पहिल्या पडद्यावरची फट दाखवली.

“केसाएवढी पाहिजे. इथनं मुंगी चालत जाईल. वरच्या टोकाला ही हाडाची पट्टी हाय बघा, तारा हिच्या खाचांतनं जातात. कारखान्यातनं खाचा अर्ध्याच कापलेल्या येतात. बाकीच्या बसून कापून घ्यायच्या असतात.”

“मला का नाही कधी जाणवलं?”

“तुमच्या बोटाला घट्टा पडलाय. घट्ट्याला काय कळतंय?”

सर आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. ह्याच बोटांचा केवढा तोरा मिरवला होता त्यांनी! नव्या पोरांना हात पुढे करून दाखवायचे, हे बघा, असं व्हायला पाहिजे.

“तुमची सोताची गिटार मीच अशा खाचा कापून लावून दिली होती,” चाचा म्हणाले. “तवा म्हणलो होतो, पोरासाठी नवी घेतलीय ना, ती पण आणा. आठवतंय?”

“...आठवतंय.”

“काय म्हणाला होता तुम्ही?”

सरांनी दुखरं बोट मुठीत धरलं.

“म्हणालो... नवशिक्याला कशाला लावलेली गिटार? आधी शिकू दे. वाजवायला लागला, की आणतो.”

चाचांनी मान हलवली आणि तारा सैल करायला घेतल्या.

मग बराच वेळ दुकानात नुसता कानशीचा आवाज होता. बारीक कानस खाचेत फिरवायची, भुकटी फुंकायची, तार चढवून बघायची, पुन्हा उतरवायची. तारा आणखी खाली याव्यात म्हणून घोडीतली पट्टी काढून तीही तळातून घासली. अर्धा-पाऊण तासाचं काम. सर ते बघत होते आणि एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात फिरत होती. अर्धा-पाऊण तास. तीन वर्षं रोज तासभर ते पोर समोर बसत होतं.

“त्याची बोटं फुटायची चाचा,” सर म्हणाले. “आई हळद लावायची. मी तिच्यावर ओरडायचो, लाडावू नकोस म्हणून. तो कधी म्हणाला नाही, बाबा, गिटार बघा. त्याला वाटलं, आपलंच चुकतंय. मी सांगितलं होतं ना तसं...”

त्यांना रडू फुटलं. साठीला आलेला माणूस परक्याच्या दुकानात तोंडावर रुमाल दाबून रडत होता, आणि समोरच्या दुकानदारानं मुद्दाम पाठ फिरवली.

चाचांची कानस थांबली नाही.

“आणि दुसरी पोरं?” सर म्हणाले. “नव्या-कोऱ्या गिटारी घेऊन यायची. चार महिन्यांत सोडून जायची. मी प्रत्येकाला हेच म्हणालो. किती असतील हो?”

“मी कुठं मोजलीत?”

“आज फोन करतो सन्मतीला. सगळं सांगतो. ही गिटार घेऊन जातो इचलकरंजीला.”

“जावा की.”

“घेईल का तो हातात?”

चाचांनी खाचेतली भुकटी फुंकली. सरांना उत्तर ठाऊकच होतं. फोनवर काय ऐकू येणार, तेही ठाऊक होतं.

ते पुढे सरकले. जे विचारायचं नव्हतं, तेच शेवटी विचारलं.

“चाचा, एक खरं सांगा. माझ्या पोराच्या हातात... होतं का हो काही?”

कानस खाली ठेवली गेली.

“असंल. नसंल.” चाचा म्हणाले. “आता कुणालाच कळायचं न्हाई ते.”

...

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. चाचांनी तारा चढवल्या, खुंट्या पिळून सूर जुळवला, फडक्यानं मान पुसली आणि गिटार सरांच्या पुढ्यात ठेवली.

सरांनी डोळे कोरडे केले. सवयीनंच त्यांनी ती मांडीवर घेतली. डावा हात मानेवर गेला, घट्ट्यांची बोटं पहिल्या पडद्यावर टेकली. उजवा हात तारांवर उचलला.

चाचांनी त्यांचं मनगट धरलं.

“तुम्ही नका वाजवू, सर. तुमच्या हातात ती कालपण चांगलीच होती.”